झारीची चाळणी आणि संत्र्याचा बहार

पाणी घालायच्या झारीची चाळणी काढून ती औषधांच्या कपाटात दडवणाऱ्याला काय दंड असावा, याबाबत सर्व शास्त्रे मौन बाळगून आहेत. तेव्हा निवाडा मलाच करावा लागत आहे. मी, रोपवाटिकेचा थोरला भागीदार, वय पन्नाशीपलीकडचे, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहीत आहे. हृदय डॉक्टरांनी तपासले, डोके मी स्वतः. दोन्ही तूर्त चालू आहेत.

१. घरातला माझा हिस्सा पुतणीला. या घरात दार हळू लावणारी ती एकटीच.

२. संस्कृत पुस्तकेही तिलाच. वाचायची सक्ती नाही. वाळवीला वाचू देऊ नयेत.

३. छाटणीच्या कात्र्या आमच्या माळीणबाईंना. धाकट्या भावाने त्या कात्र्यांनी तार कापली होती, हे मी विसरलेलो नाही.

४. अंगणातले संत्र्याचे झाड. ते आम्ही दोघा भावांनी लावले. बहारासाठी मी त्याला दरवर्षी ताण देतो, म्हणजे पाने गळू लागेपर्यंत पाणी तोडतो. तहानलेले झाड वाढ थांबवते, साठवलेले अन्न राखून ठेवते आणि पाणी सोडले की फुलते. यंदा मी रुग्णालयात होतो. ताण देण्याचा शब्द धाकट्याने दिला. परतलो तर झाड फुलांनी लगडलेले. मी त्याची पाठ थोपटली, गल्लीभर कौतुक सांगितले. त्याने ते ऐकून घेतले.

पुढे ती चाळणी सापडली, संजीवक नावाच्या झाडांच्या औषधाच्या रिकाम्या डब्यामागे. औषध मुळाशी ओतताना चाळणी आड येते. हे औषध झाडाचे वाढीचे संप्रेरक अडवते. वाढ खुंटते आणि झाड फुलत सुटते. त्याला संजीवक, म्हणजे जीव देणारे, म्हणणारा माझ्या संस्कृतच्या वर्गात नव्हता, एवढे नक्की. आता पालवी आखूड, गुच्छागुच्छाने येते, आणि औषध मातीत वर्षानुवर्षे मुरून राहते.

मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू परत येशील की नाही, कळत नव्हतं. आलास तर फुलं दिसावीत, एवढंच डोक्यात होतं."

"मग पाठ का थोपटून घेतलीस?"

यावर तो उठून गेला.

तरीही झाड धाकट्यालाच. कुठे आणि किती ओतले, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने झाडाला भरपूर पाणी आणि शेणखत द्यावे, ताण मुळीच देऊ नये. सोबत झारी, चाळणीसह.

साक्षीदार: १. डॉक्टर (माणसांचे) २. शेजारचे शिंपीकाका
सही: थोरला
स्थळ: अंगणाची पायरी
दिनांक: संत्र्याची फुले गळू लागली त्याचा दुसरा दिवस

ता. क. सहीखाली काही लिहू नये, असे वकील बजावून गेले आहेत. पण झाड जगेल की नाही, ही माझी खरी काळजी नाही. मी विचारले त्या दिवसापासून धाकटा अंगणात उतरलेला नाही आणि मीही त्याला हाक मारलेली नाही. ती मारायची राहून जाईल, याची मला भीती वाटते.