घर धाकट्याच्या नावावर

मी, पडदे शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर, नजर चष्म्यासकट चांगली आणि सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवणारी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून थोरल्या भावाने दोन रविवार माझे डोके खाल्ले. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लिखाणाने रद्द करते. त्यात हे घर थोरल्याला दिले होते, धाकट्या भावाला त्याने जन्मभर सांभाळावे या अटीवर. ती अट ही माझी चूक होती. ती कशी, ते चौथ्या कलमात लिहिले आहे.

कलम पहिले, माझ्या कुटुंबाबद्दल. धाकटा आज एकोणसाठ वर्षांचा आहे. तो बोलतो थोडे. गर्दी, मोठा आवाज, अचानक वाजलेली बेल, यातले काही झाले की तो उसळतो, येरझाऱ्या घालतो, ओरडतो, हाताला येईल ते फेकतो. शाळेने त्याला तिसऱ्या दिवशी परत पाठवले. डॉक्टर म्हणाले, शांत संगीत ऐकवा. आम्ही इमानेइतबारे ऐकवले आणि तीन रेडिओ फुटले. आईवडील गेल्यावर तो माझ्या गळ्यात पडला असे लोक म्हणत. मीही त्याच्या गळ्यात पडले होते, हे कोणी म्हटले नाही.

एका दुपारी मी एका हॉटेलचे अठ्ठावीस पडदे पुरे करायच्या घाईत होते. धाकटा खोलीभर थैमान घालत होता. मला उठायला सवड नव्हती आणि तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की भांडता येत नाही, फक्त गुणगुणता येते. तेव्हा मी मशीनच्या वेगाने, चांगली रागारागाने गुणगुणत होते. तो येऊन मशीनशी उभा राहिला. त्याची पावले आणि माझे पाय एका ठेक्यात पडू लागले. शिवण कोपऱ्याशी आली तसा मी वेग कमी केला, गुणगुणणे संथ झाले आणि त्याच्यासोबत तोही. पडदा संपला तेव्हा तो स्टुलावर बसून दोरा गुंडाळत होता. मी टाचण्या तोंडातून काढल्या आणि मनसोक्त रडले. हॉटेलवाल्याने पुढे त्या पडद्यांना नावे ठेवली. त्याला मी मनापासून माफ केले आहे.

कलम दुसरे, कॅसेटी. त्या दुपारनंतर जमवलेल्या एकशे बारा कॅसेटी कपाटाच्या खालच्या दोन खणांत आहेत. त्यांवर गाणाऱ्यांची नावे नाहीत. ‘धाव’, ‘चाल’ आणि ‘बस’ एवढेच लिहिले आहे. ‘धाव’ म्हणजे पितळी बँड आणि ड्रम, ‘चाल’ म्हणजे नाचाची जुनी गाणी, ‘बस’ म्हणजे एकटी बासरी. पिसाळलेल्या माणसाला पहिल्यांदा बासरी ऐकवू नये. त्याला वाटते, आपले काही कोणी ऐकूनच घेत नाही. माणूस ज्या वेगात असेल तिथून सुरुवात करावी आणि मग हळूहळू खाली यावे. हे मला एकाही डॉक्टरने सांगितले नाही, धाकट्याने शिकवले, आणि पुढे ते मलाच जास्त उपयोगी पडले. तोच पडदा तिसऱ्यांदा परत आणणाऱ्या बाई जिना उतरल्या की मी ‘धाव’ लावत असे. समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने त्यावरून तक्रार केली, “बाई, हा काय बँडबाजा दिवसाढवळ्या?” सहा महिन्यांनी तोच बायकोशी भांडून माझ्या दारात उभा, “ताई, ती बँडबाजावाली कॅसेट जरा मोठ्याने लावता का?” तेव्हापासून आमचे बरे आहे.

या सगळ्या कॅसेटी माझ्या पुतणीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला, द्याव्यात. परीक्षेच्या आधी ती माझ्याकडे येऊन ‘चाल’ ऐकून जायची, तिला त्यांची किंमत आहे. धाकट्याला त्यांची गरज उरलेली नाही.

कलम तिसरे. मोठी कात्री, मोजपट्ट्या, कापडाचे सगळे तुकडे आणि माझे बोटात घालायचे अंगुस्तानही पुतणीलाच. कात्रीने कागद कापल्यास माझा आत्मा परत येईल. बँकेतली शिल्लक धाकट्याच्या खर्चासाठी. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून पुतणीला नेमते. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना खूप काही द्यायचे मनात होते, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलसाहेब सांगतात. आभारांवर कायद्याची हरकत नसावी, म्हणून ते सगळेच्या सगळे त्यांना.

कलम चौथे, घर. गेल्या वर्षी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. नऊ दिवस मी घरी नव्हते. थोरला इथे राहायला आला. मी त्याला कॅसेटींचा क्रम कागदावर लिहून दिला होता. दुसऱ्याच दिवशी धाकटा उसळला आणि थोरल्याने सरळ बासरी लावली. “शांत करायचंय तर शांत गाणं लावायचं, त्यात कागद कशाला वाचायचा?” हे त्याचे म्हणणे आजही कायम आहे. टेपरेकॉर्डर भिंतीवर आपटला आणि संपला. थोरला बाहेर पळाला.

पुढचे मला नर्सबाईंनी सांगितले. “ताई, मी खाली आले तर दार सताड उघडं. तुमचे दादा जिन्यात बसलेले, घामाने भिजलेले, श्वास लागलेला. आत धाकटे मशीनवर. तुम्ही जाताना पट्टा काढून ठेवलेलं मशीन, नुसतं पायडल मारतायत, जोरजोरात गुणगुणतायत. मग हळू, आणखी हळू. थांबले. उठले, बाहेर आले आणि दादांच्या शेजारी बसले. दादा धापा टाकत होते ना, तितक्याच वेगाने धाकटे त्यांच्या गुडघ्यावर थापट्या मारायला लागले. गुणगुणणं चालूच. मी मध्ये पडले नाही. दहा मिनिटांत दादांचा श्वास जागेवर!”

खरे सांगते, मला आनंद झाला नाही. आधी पोटात दुखले. मी नसले तर हा एक दिवस काढणार नाही, या समजुतीवर मी तीस वर्षे काढली. लग्न मोडले ते त्याच्यापायी, असे सांगत फिरले, उपकाराचा तोरा मिरवला. आणि हा माझ्याशिवाय नऊ दिवस व्यवस्थित राहिला, वर दुसऱ्याला सांभाळून. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझा जीव असा भांड्यात पडला की त्याला जवळ घेऊन म्हटले, “बरं झालं रे बाबा, तुझं तुला येतंय.” तो म्हणाला, “ताई, चहा.”

म्हणून हे घर, दोन खोल्या आणि गॅलरीसह, मशीनसह, मी धाकट्याला देते. विनाअट. बिले आणि सरकारी कागद पुतणी पाहील. धाकट्याच्या होकाराशिवाय घर विकू नये. त्याचा होकार कसा असतो, तिला ठाऊक आहे.

कलम पाचवे, थोरला. त्याने वकिलांसमोर मला विचारले, “अगं, त्याला सही येत नाही आणि तू घर त्याच्या नावावर करतेस?” मी म्हटले, “दादा, जिन्यात तो तुझ्याजवळ बसला होता की नाही?” तो म्हणाला, “बसला होता. पण म्हणून काय घर?” हो, म्हणूनच. वहिनी गेल्यापासून थोरल्याला एकट्या घरात धडधडते, ते तो कोणाला सांगत नाही. आधीच्या मृत्युपत्रात घर त्याचे होते आणि धाकट्याला आसरा होता. आता घर धाकट्याचे आहे. थोरल्याला वाटेल तेव्हा त्याने इथे येऊन राहावे, मात्र धाकट्याने दार उघडले तर. तो उघडेल.

कलम सहावे आणि शेवटचे. मला पोहोचवून आल्यावर धाकट्याला कोणी गप्प करू नये, दुसऱ्या खोलीत नेऊ नये, गोळी देऊ नये. तुमच्यापैकी कोणाला रडू आवरत नसेल तर त्याने त्याच्याजवळ जाऊन बसावे. तो आधी तुमच्या रडण्याइतक्याच जोरात गुणगुणेल. घाबरू नका. तुम्ही जिथे असाल तिथून तो तुम्हाला घ्यायला आलेला असतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिला. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

सही: पडदे शिवणारी, दोन भावांची बहीण

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरची नर्स (सही)
२. समोरचा चष्मेवाला (सही)

स्थळ: घराची पुढची खोली, मशीनच्या टेबलावर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, सकाळी साडेदहा