अकराशे चिठ्ठ्यांची व्यवस्था

मी, गोपाळकृष्ण माधवराव टोकेकर, वय चौपन्न, राहणार दौलतगंज, लश्कर, शिक्षण खात्यातला संस्कृतचा निरीक्षक, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे असल्यास तिने ते निराळ्या कागदावर नोंदवावे. मला कोणी भरीस घातलेले नाही. श्रावणापासून छातीत कळ येते, आणि येत्या गुरुवारी मध्यभारत विसर्जित होऊन आमचे खाते भोपाळला जात आहे. ग्वाल्हेर दरबार, मध्यभारत, आता मध्यप्रदेश: खुर्ची न बदलता तीन राज्यांचा चाकर झालो. चौथ्याची वाट न पाहता व्यवस्था केलेली बरी. हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्याने रद्द करण्यासारखे मागे काही नाही.

कलम १. दौलतगंजातले स्वकष्टार्जित घर पत्नी सौ. वनमाला हिच्या हयातीत तिचे, नंतर पुतण्या चि. रमाकांत याचे. आम्हाला मूल नाही. रमाकांतने एकदा विचारले होते, "काका, पुढे-मागे खाली दुकान काढलं तर चालेल ना?" माझ्या देखत विचारले, हा त्याचा प्रामाणिकपणा. बँकेत असेल ते वनमालेचे; किती आहे ते तिलाच ठाऊक. या कागदाने कोणास न दिलेली बाकी चीजवस्तू रमाकांतची.

कलम २. माझे मृगाजिन शेजारी तात्यासाहेबांस. "गोपाळराव, कुंडलिनी मणिपुरापर्यंत आली हो!" असे ते सन अडतीसपासून सांगत आहेत. त्याच वर्षांत त्याच कातड्यावर बसून माझी जागची हलली नाही. त्यांना पाठदुखी आहे, हे वैद्यांचे मत मी गल्लीभर ऐकवत आलो. ती खरोखरच कुंडलिनी असेल, या भीतीने ऐकवत आलो, हे येथे कबूल करतो.

कलम ३. आता मुख्य मिळकत. शिसवी पेटीत अकराशे चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर साधनेचा एक शब्द: डावीकडे योगशास्त्रातला, उजवीकडे शिखांच्या बाणीतला. अनाहत, समोर अनहद. सुषुम्ना, समोर सुखमना. अस्मिता, समोर हौमै. म्हणजे 'मी, मी' करणारा तो, जो दोन्ही धर्मांत सारखाच धष्टपुष्ट आहे. डावी बाजू माझी. उजवी ज्ञानी लाभसिंग यांची. फाळणीत गुजरांवालाहून आलेले हे गृहस्थ थाटीपुरच्या लहानशा गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहेबाचा पाठ करतात. सन पन्नासमध्ये 'सुन्न' आणि 'शून्य' यांचे नाते विचारायला आले. मी बसा म्हटले. ते सहा वर्षे दर गुरुवारी येऊन बसले.

'सहज' या शब्दावर मी दीड पान लिहिले होते. ज्ञानीजींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "पंडितजी, तवे पर रोटी फूलती है, कोई फुलाता है क्या? बस, सहज।"

"ही व्याख्या नव्हे, पाककृती झाली," मी म्हटले.

आत वनमाला मोठ्याने हसली. तीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही व्याख्येवर ती हसली नव्हती. माझ्या व्याख्या तशा कमी हास्यास्पद नाहीत. पुढच्या रविवारी ती थाटीपुरला लंगरात, म्हणजे सर्वांच्या पंगतीसाठी, पोळ्या लाटायला गेली. तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही.

एकदा मी मागोमाग गेलो. बायकांच्या रांगेत ती लाटत होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरा हलत होते, लाटणे थांबत नव्हते. तिने मला पाहिले नाही. शेजारच्या मुलाने परात पाडली, ती पडलेलीही तिने ऐकली नाही. इंद्रिये विषयांतून परतणे, तो प्रत्याहार. त्याची व्याख्या मी चार प्रकारे केली आहे. प्रत्यक्ष पाहिला तो पिठाने माखलेला.

परतताना विचारले, "काय जपत होतीस?"

"तिथे सगळे म्हणतात ना, वाहेगुरू, तेच."

"त्याचा अर्थ ठाऊक आहे?"

"अहो, अर्थ तुमच्याकडे आहे ना? राहू दे की तिथेच." मग जरा थांबून, "तुम्ही प्राणायामाला बसलात की घरात सगळ्यांनाच श्वास धरून बसावं लागतं. तिथे सोडता येतो."

मला ज्ञानीजींचा मत्सर वाटतो, कारण शब्द विचारायला ती त्यांच्याकडे गेली. आणि तिचा वाटतो, कारण तिला तो मिळाला. या रोगावर योगात मुदिता सांगितली आहे: दुसऱ्याचे पुण्य पाहून होणारा आनंद. त्या चिठ्ठीवरची माझी व्याख्या निर्दोष आहे. औषध अजून लागू पडलेले नाही.

म्हणून मी पुढील गोष्ट केली. बाड्याजवळचा, म्हणजे लश्करच्या मुख्य चौकाजवळचा, एक छापखाना हा कोश छापणार आहे. मुखपृष्ठासाठी मी लिहून दिले: 'संपादक: गो. मा. टोकेकर'. बस्स. नमुना छापून आला तेव्हा ज्ञानीजी समोरच होते. त्यांनी तो पाहिला, माझ्या नावातली छपाईची चूक दाखवली आणि वनमालेकडे चहा मागितला.

कलम ४. सदर पेटी, चिठ्ठ्या व कोश छापण्याचा हक्क ज्ञानी लाभसिंग यांस देतो. साक्षीदार म्हणून एक सही त्यांनीच करावी.

कलम ५. हे दुपारी, जेवणानंतर लिहीत आहे. वरचे कलम दिसते तितके उदार नाही. वकील सूर्याजीराव मोहिते यांनी मला आधीच बजावले होते, "पंडितजी, ज्याला द्यायचं त्याचीच साक्ष घेऊ नका. उद्या भाऊबंद संशय काढतील, देणगी लटकेल." हे ऐकूनच मी ज्ञानीजींची साक्ष योजली. देणगी लटकली की पेटी रमाकांतकडे, आणि मुखपृष्ठावर टोकेकर एकटेच. देण्याचे पुण्य माझे, आणि दिले काहीच नाही.

ज्ञानीजी सकाळी आले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"जिसको चीज़ मिल रही है, वही गवाह? कल को आपका भतीजा कहेगा, सरदार ने लिखवा लिया।"

"हं."

"गुजरांवाला की कचहरी में बीस साल लोगों की वसीयतें लिखी हैं मैंने, पंडितजी।"

"हं."

"तो आपको पता था।"

मी दौत त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि हसले. आणि त्या हसण्यात टोचणी शोधूनही सापडेना. "चलो, आपका जी इसी में ठंडा होता है तो यही सही।" टाक दौतीत बुडवला.

वनमाला थाटीपुरला निघालेली, दारात उभी होती. म्हणाली, "करू द्या की त्यांना सही. मग उद्या पहाटे आसनावर बसा, आणि डोळे मिटतात का बघा."

मी टाक त्यांच्या हातातून काढून घेतला. कलम ४ वर पडलेला शाईचा डाग त्या झटापटीचा आहे. त्यास खाडाखोड समजू नये.

तरी कलम ४ मधली देणगी कायम, साक्षीचे वाक्य रद्द. मुखपृष्ठ असे छापावे: 'संपादक: ज्ञानी लाभसिंग, गोपाळकृष्ण टोकेकर'. नाव आधी त्यांचे. कोश वर्णानुक्रमाने असताना 'ल' हा 'ग'च्या आधी कसा, असे कोणी विचारल्यास उत्तर देऊ नये. हे लिहिताना मला आनंद झाला, असे म्हटल्यास हा दस्तऐवज खोटा ठरेल. मत्सर आहे तेवढाच आहे. म्हणून नव्या मुखपृष्ठाचा कागद उद्या वनमालेने छापखान्यात नेऊन द्यावा. मी नेला तर बाड्यावर पोहोचेपर्यंत क्रम बदललेला असेल.

(सही) गोपाळकृष्ण माधवराव टोकेकर

टोकेकरांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर. आम्हा दोघांस यातून काही मिळत नाही.
१. सूर्याजीराव मोहिते, वकील
२. लीलाताई कोरडे, शिक्षिका, दौलतगंज

ज्ञानी लाभसिंग हजर होते. त्यांची सही घेतलेली नाही.

मुक्काम लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, २८ ऑक्टोबर १९५६