कळलावीची जागा

५ जुलै
कुंडीत कोंब दिसला. उन्हाळ्यात आबादादानं माहेरचा, हिमायतनगरचा बांध जेसीबीनं सपाट केला, तेव्हा मातीतून एवढा एकच कंद उचलून लातूरला आणला होता. कुणी लावलेली नव्हे, रानातलीच कळलावी. आई जेवायला त्याच बांधावर बसायची. त्या दिवशी आम्ही बहीणभाऊ नको ते बोललो. तेव्हापासून फोन नाही.

१९ जुलै
वेल गजाला धरून वर निघालीय. पानाचं टोकच गुंडाळून पकडतं.
हे म्हणतात, कळलावी दारात लावली की घरात भांडणं. म्हटलं, भांडण आधीच झालंय, ही नंतर आली.
सुनेनं, अश्विनीनं, मोबाइलवर वाचलं. अख्खं झाड विषारी, कंद तर फारच. नात रांगते. खरंय तिचं. कुंडी गच्चीवर नेली.

२७ ऑगस्ट
पहिलं फूल. पिवळं, कडेनं लाल होत चाललेलं. दिवसभर जिना चढून-उतरून राहिले. दादाला फोटो पाठवावा? लिहिलं, पुसलं.

३ सप्टें.
अश्विनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, नात पायाशी. पाकळी पोरीच्या मुठीत. तोंडात बोट घालून पाहिलं, काही नाही. तरी दवाखाना. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. पोटात गेलं नव्हतं.
अश्विनी भांडली असती तर बरं. रिक्षात एवढंच म्हणाली, "आई, मी उपटणार नाही. तुम्हीच ठरवा."

४ सप्टें.
आत्ता उपटली तर खालचा नवा कंद पोसणार नाही. यांनी गच्चीला कुलूप लावलं. किल्ली मी अश्विनीकडे दिली. झोप नाही.

२२ नोव्हें.
वेल वाळली तसा कंद काढला. जुना कुजलेला, नवा टणक, नांगरासारखा वाकडा. नांदेडला बस बदलून थेट हि.नगर. कळवलं नव्हतं. दादा ओट्यावर. वहिनीनं चहा टाकला. कंद पुढं केला.
"बांधच न्हाई राहिला. कुठं लावतीस?"
मग आपणच कुदळ घेऊन विहिरीमागं गेला. तिथं लेकरं, जनावरं जात नाहीत. त्यानं खणलं, मी लावला. बाकी बोलणं सोयाबीनच्या भावाचं. बांधाचं कुणीच काढलं नाही.

१५ जून
तिकडं पाऊस झाला म्हणे. फोन हातात घेते, ठेवते.

२ जुलै
दु. दादाचा फोन. त्यानं आपणहून केलेला.
"विहिरीमागं कायतरी उगवलंय. तुझंच हाय का तण हाय, मला वळखंना. येतीस का?"
बघते म्हणाले. हे विचारून राहिले, सकाळच्या गाडीनं का दुपारच्या. अजून सांगितलं नाही.