साडेतीनशे किलोमीटरवर हवा नसते

१२ मार्च
संताप. कालची पोरगी मृदुला, मला मीटिंगमध्ये शिकवते! म्हणे, सूर्य तापलाय, वरची हवा फुगलीय, आपला उपग्रह तिला घासत रोज दीड किलोमीटर खाली येतोय. इंजिन लावून वर ढकलायला हवा. मी मिशन हेड. स्पष्ट सांगितलं, साडेतीनशे किलोमीटरवर हवा नसते. इंधन वाचवायचं. तीन वर्षांचा उपग्रह मी पाच वर्षं चालवून दाखवणार.
संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

१३ मार्च
चिडलो. पोरीने उंचीचा ग्राफ भिंतीवर लावला होता. फाडला.

२० मार्च, संध्या. ७.३०
सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावला. उपग्रहाची बीप ऐकायला सगळे हजर. बायकोने, पद्माने वीसजणांची सेव-उसळ केलेली. माझ्या तक्त्याप्रमाणे तो डोक्यावरून जायची वेळ ६.४०. सातपर्यंत नुसती खरखर. खालच्या मजल्यावरचे ध्रुवभाई म्हणाले, 'तमारो सॅटेलाइट रजा पर छे?' सगळे हसले. पद्मासुद्धा.
मृदुलाला फोन केला. तर तो ६.२९लाच गेला म्हणे. खाली उतरला की वेग वाढतो, लवकर येतो.
हवा अडवते आणि वेग वाढतो? मूर्खपणा! फोन आपटला. काच गेली.

२ एप्रिल
३०५ किलोमीटर. मोजणाऱ्यांचं उपकरणच बिघडलंय. कडक ईमेल पाठवला. उत्तर आलं, उपकरण ठीक आहे. परत पाठवला, सगळा कॅपिटलमध्ये.
मृदुलाने तिसऱ्यांदा इंजिनची परवानगी मागितली. दिली नाही. आता दिली तर ती बरोबर ठरेल.

८ एप्रिल
२६०. परवानगी दिली. कल्पना माझीच, असं मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं. इंजिन चार तास चाललं. उपग्रह खालीच. मृदुला म्हणाली, आता हवेचा रेटा इंजिनाला झेपत नाही, सर. आवाज न चढवता म्हणाली. त्याचाच जास्त राग आला.

१२ एप्रिल, दु. ३.१०
जळाला. समुद्रावर कुठेतरी. त्यातला कॅमेरा जोडायला मृदुलाला दोन वर्षं लागली होती. उपग्रह जोडला त्या आमच्या गोरवा भागातल्या शेडमध्ये बसून रडत होती. ओरडणार होतो. पंखा लावला आणि बाहेर आलो.

१५ एप्रिल
चौकशी. मालक प्रतापसिंहरावांनी फॉर्म दिला. त्यात रकाना: 'इंजिन न लावण्याचा निर्णय कोणाचा?' 'सूर्य' लिहिलं. खोडलं. 'टीम' लिहिलं. मृदुला समोरच होती. तिने दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला.
स्वतःचं नाव लिहिलं. आडनावासकट.