निर्मळ गोल्डची पाण्यातली परीक्षा

१२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठे शास्त्रज्ञ लिहायचे. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

खरं हे की मंचरच्या पेठेत खतं-औषधांची दुकानं पुष्कळ, पण दुकानदारांत शास्त्रज्ञ एकच. मी, जिनेश. बी.एस्सी. केमिस्ट्री. (एक विषय राहिला, तोही इंग्रजी. इंग्रजीचा केमिस्ट्रीशी काय संबंध?) गोडाऊनमध्ये स्वतःच्या हाताने स्टिकर बनवलाय. औषध फवारताना पानाला चिकटून राहावं म्हणून पाण्यात घालतात तो. नाव निर्मळ गोल्ड. फेस असा येतो की पंप दिसत नाही.

दुकानाच्या बोर्डावर 'पुनमचंद अँड सन' आहे. मी कॉलेज उरकून आलो तेव्हा पप्पांनी 'अँड सन' मुद्दाम वाढवून घेतलं. तरी अजून गल्ल्यावर तेच बसतात. म्हणतात, अक्षय तृतीयेला गादी तुझी, पण त्याआधी सुरू केलेलं एक काम नीट संपवून दाखव. हे अतिच झालं. मी किती कामं सुरू केलीत ते त्यांनी बघावं.

१४ फेब्रुवारी
द्राक्ष एक्स्पोर्टवाल्या कंपनीच्या फील्ड ऑफिसर वृषाली मॅडम आल्या. निर्मळ गोल्ड उत्कृष्ट म्हणाल्या. (शब्द 'बरा' असा होता.) पण विचारलं, पाण्यात गेल्यावर याचं काय होतं? बायोडिग्रेड होतो का? टेस्ट दाखवा, मग आमच्या सगळ्या बागांना हाच.

मी सांगितलं, होतो. कशावरून म्हणाल्या. मी नावाकडे बोट दाखवलं.

टेस्ट करायची. हेच ते काम. अक्षय तृतीया दूर नाही.

१८ फेब्रुवारी
पद्धत नेटवरून काढली. पोरखेळ आहे. नदीचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, थेंबभर स्टिकर घालायचा, बूच घट्ट, अंधारात ठेवायची. पाण्यातले जंतू स्टिकर खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. चार आठवड्यांत ऑक्सिजन घसरला की समजायचं, खाल्ला. पास. शेजारी तुलनेला एक नुसत्या पाण्याची बाटली.

सरबताच्या बाटल्या घरात आहेत. मासेपालनवाले वापरतात तो ऑक्सिजनचा मीटर ऑनलाइन मागवला. अंधारासाठी पापडाची पेटी. राखीला म्हटलं, पापड हलव. बायकोच ती, कुठे हलवू म्हणून विचारलं. सगळं शास्त्रज्ञानेच सांगायचं का?

२३ फेब्रुवारी
मीटर आला. घोड नदीवरून कॅन भरून आणला, स्वयंपाकघरात ठेवला आणि मीटरचे सेल आणायला गेलो. येऊन बघतो तर मम्मीने सगळं पाणी गाळून चुलीवर चढवलेलं. घरात आलेलं पाणी म्हणजे प्यायचं पाणी, आणि आमच्याकडे कच्चं पाणी कुणी पीत नाही. मम्मीशी वाद घालायची या घरात पद्धत नाही.

गाळायच्या फडक्यावर राहतात ते जीव. ते जिथून आणले तिथेच परत सोडायचे, हाही नियम. तेव्हा मी स्कूटर काढली आणि तांब्याभर जीव नदीत सोडून आलो.

राखी म्हणाली, अहो, पण त्या जंतूंनीच खायचं होतं ना? तुम्ही त्यांनाच पोचवून आलात. मी म्हटलं, स्वच्छ पाणी, स्वच्छ निकाल. तिला कॉलेजात होम सायन्स होतं. त्यात सायन्स नावापुरतं असतं.

उकळल्यामुळे पाण्यात ऑक्सिजन कमी निघाला. बाटली जोरजोरात हलवली. आला.

३ मार्च
ऑक्सिजन जिथल्या तिथे. जंतू नव्या जागी लाजतात बहुतेक.

११ मार्च
जिथल्या तिथे. पापडांना मुंग्या लागल्या. मम्मी चिमटीने एकेक मुंगी उचलून खिडकीत सोडत होती, दुपार गेली तिची. याला जबाबदार राखी.

२३ मार्च
चार आठवडे झाले. दोन्ही बाटल्यांत आकडा तोच. सकाळी जरा खचलो. जेवताना एकदम प्रकाश पडला. ऑक्सिजन घसरला नाही, म्हणजे निर्मळ गोल्ड पाण्याला धक्कासुद्धा लावत नाही! हे तर पासपेक्षा वरचं.

पप्पांना सांगितलं, पास. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, नक्की? मी म्हटलं, मीटर खोटं बोलेल का? त्यांनी पेढे मागवले. लहानपणापासून आजवर माझ्या कुठल्याही निकालाला पेढे आले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्या डोळ्यांना हल्ली तसंच येतं.

२६ मार्च
वृषाली मॅडमना बाटल्या दाखवल्या. त्या हसल्या. हसल्यावर सॉरी म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. म्हणे काही घडलंच नाही म्हणजे फेल, उकळलेल्या पाण्यात खाणार कोण? लॅबला द्या म्हणाल्या.

लॅबला देणार नाही. बाटली छोटी पडली एवढंच. माझ्या पदार्थाला मोकळं, जिवंत पाणी पाहिजे. मोठं.

पप्पांना हे सांगितलं नाही. पेढे खाऊन झाले होते.

१ एप्रिल
मोठं पाणी सापडलं. लोणीचे कुंडलिकभाऊ दुकानात आले होते. त्यांच्या आजोबांपासून उधारी-रोखी आमच्याकडेच. शेततळं भरलेलं आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, आणि त्यात त्यांच्या मंडळींचे, अंजनावहिनींचे, रोहू-कटला. म्हणजे मासेही साक्षीदार.

कुंडलिकभाऊ म्हणाले, शेठ, तळं आमच्या मंडळींचं हाये, मला त्यातलं कळत न्हाई. माशांना काय व्हनार न्हाई ना? हे त्यांनी मला नाही, पप्पांना विचारलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग पप्पा म्हणाले, पोराने परीक्षा घेतलीय, पास आहे, माझा शब्द.

एवढ्यावर काम झालं. पप्पांचा शब्द भलताच चालतो बाजारात.

५ एप्रिल
लोणीला पाहणी. उन्हाने डोकं तापलं. तळं मोठं आहे. अंजनावहिनी काठावर उभ्या राहून पत्र्याचा डबा वाजवतात आणि मासे झुंडीने काठाशी येतात. एक मोठा कटला तर हातातून खातो. त्याला त्या 'पाटील' म्हणतात. सांगत होत्या की गावात सगळी हसली व्हती, म्हनली लोनीत मासं जगत्यात का? आता तीच पानी बगायला येत्यात. अक्षय तृतीया झाली की जाळं टाकणार आहेत, पण 'पाटला'ला ठेवणार.

बाईंचा जीव फार माशांत. मी त्यांना समजावलं की तुमचे मासे विज्ञानाच्या उपयोगी पडणार आहेत. त्या म्हणाल्या, मला त्यातलं काय कळत न्हाई, मोठ्या शेठनी सांगितलंय म्हंजी झालं.

म्हणजे मी सांगून होत नाही. असो.

८ एप्रिल
हिशेब केला. थोडा स्टिकर घातला तर मीटरवर दिसणार नाही आणि मॅडम परत हसतील. गोडाऊनमधले सगळे कॅन न्यायचे. आणि यावेळी जंतूंची कमतरता नको. आमच्या दुकानात शेतकऱ्यांना जीवामृत कसं करायचं ते मीच सांगतो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, की जंतू मावत नाहीत. पाहणीहून येताना कुंडलिकभाऊंच्या गोठ्यातलं शेण आणलं होतं, त्याची दोन पिंपं आंबवून ठेवलीत. मम्मीला पिंपांच्या जवळ फिरकू दिलं नाही. चुकीतून शिकतो तो शास्त्रज्ञ.

राखी म्हणाली, एवढे जंतू एवढं खायला लागले तर ऑक्सिजन उरेल का? मी म्हटलं, उरूच नये, तोच तर निकाल. ती पुढे काही म्हणाली, पण मी टेम्पोवाल्याला फोन लावला होता.

१० एप्रिल, संध्याकाळ
ओतलं. सगळं. आधी निर्मळ गोल्ड, मग जीवामृत. काय फेस! तळ्याला साय आल्यागत दिसत होतं. गावातली माणसं जमली. कुंडलिकभाऊंनी नारळ फोडला. अंजनावहिनींनी डबा वाजवला, मासे आले, फेसातून तोंडं काढून खाऊन गेले. मी फोटो काढला. पोस्टर याचंच करायचं.

मुक्काम कुंडलिकभाऊंकडे. पिठलं-भाकरी. छान झोप येतेय.

११ एप्रिल, सकाळी सहा
पास! पास! पास!

मीटर जवळजवळ शून्यावर. जगात इतक्या झपाट्याने काही बायोडिग्रेड झालं नसेल. मॅडमना मीटरचा फोटो पाठवला, पप्पांना फोन केला. पप्पा म्हणाले, मासे? मी तळ्याकडे बघितलं. सगळेच्या सगळे वर आलेले. तोंडं उघडी, बंद, उघडी. म्हटलं, मासे खूश आहेत, सगळे वर आलेत बघायला.

सकाळी साडेनऊ
वहिनी डबा वाजवतायत. कुणी काठाशी येत नाही. काही मासे आडवे झालेत. ऊन लागलं असेल. कुंडलिकभाऊंनी मोटर लावून पाणी वरून सोडायला घेतलं तर लाईट गेलेली. ही महावितरणची कामं. माझ्या प्रयोगात लाईटचा कुठेच संबंध नव्हता.

दुपार
मेले. सगळे. पांढरी पोटं वर.

मोजायला घेतले आणि सोडून दिले, खोटं कशाला लिहू. मग विचार केला. मासे निर्मळ गोल्डने मेलेले नाहीत. ऑक्सिजन नसल्याने मेले. ऑक्सिजन जंतूंनी वापरला. जंतू शेणातले. शेण कुंडलिकभाऊंच्याच गाईचं.

हे मी कुंडलिकभाऊंना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, च्या घ्या. घेतला.

वहिनी गुडघाभर पाण्यात उतरून मासे वेचत होत्या. मोठा कटला त्यांनी वेगळा काढून पदराने पुसला. मला म्हणाल्या, तुमच्यात तर मुंगीला बी जपत्यात नव्हं? मी म्हटलं, हो, आमच्या मम्मी फार जपतात. त्या परत वाकल्या आणि वेचायला लागल्या. बोलायची रीत काही नीट वाटली नाही मला.

१२ एप्रिल
पप्पा सकाळी एस.टी.ने लोणीला गेले. मी गाडी काढतो म्हटलं तर नको म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांना एस.टी. सोसत नाही, पण ऐकतील तर ना. कुंडलिकभाऊंचा फोन आला की मोठे शेठ तळ्याच्या काटावर बसल्यात, उठंना गेल्यात, आमच्या मंडळींनी शेवटी हात धरून सावलीत नेलं.

परत आल्यावर जेवले नाहीत. मी मीटर दाखवला. बघितला नाही.

१४ एप्रिल
पप्पांनी उपवास धरलाय. नुसतं गरम पाणी. उन्हाळ्यात पोट हलकं राहिलेलं चांगलंच. मम्मीही माझ्याशी बोलत नाही, पण ती एरवीही कमीच बोलते.

वृषाली मॅडमचा मेसेज. बायोडिग्रेड होतो हे मान्य! पुढे लिहिलंय की मासे मेल्याचं कळलं, कंपनी हे प्रॉडक्ट कधीच घेणार नाही, कृपया परत संपर्क करू नये. पण पहिलं वाक्य फार मोलाचं आहे. तेवढंच फ्रेम करावं म्हणतो.

१७ एप्रिल
लोणीचं एकही गिऱ्हाईक आठवडाभर आलं नाही. सुगी संपली की असंच असतं.

पप्पांनी भरत पेंटरला बोलावून घेतलं. बोर्डाचं काम आहे म्हणे. माझ्या लक्षात आलं! अक्षय तृतीया रविवारी. वरून राग दाखवतात, पण आतून बापच तो. 'निर्मळ गोल्डचे निर्माते' असं खाली येईल. किंवा माझं नाव आधी. मी काही विचारलं नाही. सरप्राइज मोडायला नको.

राखीला सांगितलं. ती रडायला लागली. आनंदाने बहुतेक.

१९ एप्रिल, अक्षय तृतीया
नवा सदरा घालून दुकानात गेलो. पप्पा गल्ल्यावर, किल्ल्या कमरेला. उपवासाने गाल बसलेत. उठले नाहीत.

बाहेर येऊन बोर्ड बघितला. नवीन काही लिहिलेलं नाही. 'पुनमचंद' तसंच आहे. 'अँड सन'वर पांढरा रंग मारलाय. एवढंच.

भरत शिडीवरून उतरत होता. मी हसत म्हटलं, रंग पातळ मारलाय रे, खालची अक्षरं अजून दिसतायत, एका पावसात परत वर येतील. त्याने मान खाली घालूनच ब्रश रॉकेलात बुडवला. म्हणाला, हा पैला हात हाये जिनेशभाऊ, शेठनी तीन सांगितल्यात.