लंडन, इस्तंबूल आणि माझं तिसरं प्रकरण

४ ऑगस्ट, सोमवार

परत आलं! तिसरं प्रकरण परत आलं, आणि या खेपेला दोघांकडून एकाच दिवशी. लाल शेरे ग्रॅहम सरांचे, हिरवे नेर्मिन मॅडमचे. माझी काळी अक्षरं मधे जीव मुठीत धरून बसलेली.

दोन गाइड असले की पीएचडी लवकर होते, असं पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाला एकदा टाकानिनीच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. कारल्याची भाजी करीन.

माझा मुद्दा काय अवघड आहे? १८७१ साली तुर्कांचे झेंडे दोह्याच्या बंदरात आले. तिथल्या म्हाताऱ्या शेखने आपल्या घरावर जुनाच झेंडा ठेवला, जो इंग्रजांना चालत होता. त्याच्या मुलाने, जासिमने, स्वतःच्या घरावर तुर्की झेंडा चढवला. बाप-लेक, दोन घरं, दोन झेंडे! इंग्रज म्हणाले, हा किनारा आमच्या देखरेखीखाली. सुलतानाची माणसं म्हणाली, हा मुलूख आमचाच. गावाचं काय म्हणणं होतं? — हे शोधायचं, एवढाच माझा थीसिस.

माझ्या एकाच वाक्यावर सर लिहितात, 'ही तुर्की घुसखोरी आहे, तसं स्पष्ट म्हणा.' आणि त्याच वाक्यावर मॅडम लिहितात, 'घुसखोरी कसली? हा कायदेशीर कारभार होता, तसं स्पष्ट म्हणा.' दोन्ही साम्राज्यं कधीच बुडाली, पण भांडण माझ्या समासात अजून चालूच आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज लंडनची भेट. (सरांना मी इथे लंडन म्हणते, मॅडमना इस्तंबूल. त्यांना कळलं तर मेले.)

सरांचं म्हणणं, तुर्की भाग सगळा परिशिष्टात टाक. मी म्हटलं, "येस सर." ते हसले, पुन्हा म्हणाले की इथे सगळे मला नुसतं ग्रॅहम म्हणतात. माझी जीभ नाही वळत, काय करू! पुण्यात बी.ए.ला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीला टेकून बसत नाही. शिकवणाऱ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं. मान हलवायची, घरी यायचं आणि आपल्याला हवं ते करायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

निघताना म्हणाले, पीएचडी फार लांबतेय, त्याऐवजी एमफिल केलं तर जास्त सुटसुटीत होईल का, विचार कर. मी मान हलवली. विचार करायला काय जातंय?

११ ऑगस्ट, सोमवार

इस्तंबूल. मॅडमनी छान चहा दिला, आणि इंग्रज भाग परिशिष्टात टाकायला सांगितला. "येस मॅडम." म्हणजे आता दोन्ही बाजू परिशिष्टात. मग पुस्तकात मधे काय छापू, माझा फोटो?

एमफिलचं त्यांनीही काढलं. सर बोलले असणार. तुझ्यावरचा ताण कमी होईल, नाही का, असं फार मायेने विचारलं. मी मान हलवली. चहा खरंच चांगला होता.

१७ ऑगस्ट, रविवार

अवोन्डेलच्या बाजारात गेलो होतो. मेथी मिळाली, आणि भेंडीच्या ढिगापाशी उभ्या-उभ्या प्रमोदशी भांडणही झालं. तो म्हणाला, सरळ नाही म्हणून टाक ना. सिद्धीने आयपॅडमधून मान वर न करता री ओढली, "मम, जस्ट टेल देम. दे आर नाइस." नाइस आहेत हाच तर त्रास आहे! खडूस असते तर मीही भांडले असते.

मी म्हटलं, जासिमने काय केलं? दोघांनाही हो-हो म्हणत वर्षानुवर्षं गाव टिकवलं. तुर्कांनी त्याला कायमकाम नेमलं, म्हणजे त्यांचा मामलेदार, तरी त्याने इंग्रजांशी बोलणं पार तोडलं नाही. प्रमोद म्हणाला, "शेखला व्हायवा द्यायची नव्हती."

त्याला हसू येतं. घर त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, विजेचं बिलसुद्धा. व्हिसा त्याचा होता म्हणून मी कॉलेजातली नोकरी सोडून आले. या देशात माझ्या एकटीच्या नावावर होणार असेल तर ही डॉक्टरेट. एमफिल नको, दुसरं काही नको. हीच हवी. हे त्याला भेंडीपाशी कसं सांगणार? नाहीच सांगितलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

युक्ती केली! एका प्रकरणाची दोन प्रकरणं केली. सरांना पाठवलं त्यात 'घुसखोरी', मॅडमना पाठवलं त्यात 'कायदेशीर कारभार'. बाकी मजकूर तोच. दोघांचीही शाबासकी आली. सर लिहितात, हीप्स बेटर, म्हणजे कितीतरी चांगलं. वा जासिमशेठ, तुमच्या पायाचं तीर्थ द्या!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदक फुटले. माझ्या प्रकरणासारखे तेही!

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोघांनी मिळून बोलावलंय, पुढच्या शुक्रवारी. म्हणजे माझी दोन्ही प्रकरणं एकाच टेबलावर येणार. कालपासून जेवण जात नाही.

ठरवलं. आपण होऊन सगळं सांगून टाकायचं. ही तुमची प्रत, ही तुमची, आणि ही माझी. माझीच राहील. सिद्धी गाडीत माझ्याकडून 'नो' म्हणायचा सराव करून घेते. "मम, डोन्ट स्माइल व्हेन यू से इट." हसू येतंच तोंडावर, नाही जात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रुळांचं काम चालू, म्हणून ओटाहुहूला ट्रेनमधून उतरवून बसमध्ये कोंबलं. पोचले तेव्हा दोघं आधीच बसले होते, हसत होते. इतक्या दिवसांत या दोघांना एकत्र हसताना मी पाहिलं नव्हतं.

माझ्या दोन प्रतींचा विषयच निघाला नाही! त्यांचं आपसात ठरून गेलं होतं. मी एमफिल घ्यायचं. दोन झेंड्यांचा भाग ते दोघं मिळून लेख म्हणून छापणार, तो म्हणे दोन्ही बाजूंना सारखा न्याय देईल. आभारात माझं नाव असेल.

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आम्ही दोघांनीही तुला ऑगस्टमध्ये वेगवेगळं विचारलं होतं, मृणालिनी. तुझी तयारी होती." मॅडम म्हणाल्या, हो, मलाही तसंच वाटलं.

मी काय केलं? मान हलवली. थँक यू सर म्हटलं. थँक यू मॅडम पण! बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी टिश्यू दिला, त्यांनाही थँक यू.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्रमोद म्हणतो, एमफिल पण डिग्रीच आहे, संपव एकदाची. आज त्याच्याशी बोलत नाहीये.

दिवसभर जुन्या नोंदी उपसल्या. मुंबईच्या दप्तरखान्यातले उतारे, तुर्की कागदांची भाषांतरं. शेख राजी आहे असं इंग्रज लिहितात. शेख राजी आहे असं तुर्कही लिहितात. आणि मी बावळट, त्यावर अख्खा थीसिस उभा केला, की बघा कसा हुशार, दोघांनाही झुलवलं! हे लिहिणारे सगळे टेबलाच्या पलीकडे बसलेले होते. त्यांनी हललेली मान पाहिली आणि 'राजी' लिहून टाकलं. त्या माणसाच्या पोटात काय चाललं होतं ते कुणी लिहिलं? मीसुद्धा नाही लिहिलं. संताप येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच.

१५ सप्टेंबर, सोमवार

ग्रॅज्युएट ऑफिसला पाठवलं: एमफिलला माझी संमती नाही. माझं काम मला न विचारता कुणी छापायचं नाही. आणि इथून पुढे या दोघांपैकी कुणीही माझा गाइड नको.