डोंगराआडचा सिग्नल

१२ ऑक्टोबर, रविवार

मेन्ना घरी आली. गुडघा नवा, कुबड्या चॅपलमधून उसन्या. डॉक्टरांनी सध्या जिना चढायला मनाई केलीय, म्हणून तिचा पलंग खाली बैठकीत, टीव्हीसमोर मांडला. मी आणि शेजारच्या ग्विलिमने मिळून. म्हणजे उचलला त्याने. कुठे ठेवायचा ते मी सांगितलं.

टीव्ही लावला. बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं, मग पडदा काळा, मग 'सिग्नल नाही'. धुराड्यावरची अँटेना गेल्या हिवाळ्यातल्या वादळात गेली. नवी मीच बसवीन असं तेव्हा म्हणालो होतो. अजूनही म्हणतोय. तोवर खिडकीतली छोटी आहे.

मुद्दा असा की आठ नोव्हेंबरला कार्डिफला समूहगायनाची स्पर्धा आहे आणि ती टीव्हीवर थेट दाखवणार आहेत. आमच्या चॅपलचा कॉयर इतक्या वर पहिल्यांदाच पोचलाय. मेन्ना लग्नाच्या आधीपासून त्यात गाते, खालच्या पट्टीत. आता कॉयर जाणार आणि ती पलंगावर. कुबडी भिंतीला टेकवते, काढते, परत टेकवते.

ग्विलिम म्हणाला, आमच्याकडे या, आमचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, ओल्वेन, म्हणजे त्याची बायको, केक करेल. मेन्ना म्हणाली, बरं होईल. मी म्हटलं, तशी वेळ येणार नाही. सिग्नल हवेतून सगळ्यांना सारखाच मिळतो, घेता आला पाहिजे. टेलिफोन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या बायकोने टीव्ही बघायला शेजारी जायचं म्हणजे काय. त्यावर मेन्ना ग्विलिमला म्हणाली, फर्निचर विभागात होता तो, ऑफिसांना खुर्च्या पाठवायचा.

हे सांगायची गरज नव्हती.

संकल्प: आठ तारखेपर्यंत चित्र आरशासारखं स्वच्छ.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अँटेना खिडकीतून कपाटावर. कपाटावरून पडद्याच्या दांडीवर. तिथे चित्र आलं, पण पडदा ओढला की जातं. मेन्नाला म्हटलं, पडदा ओढायचा नाही. ती म्हणाली, मग रस्त्यावरून सगळं गाव माझा गुडघा बघतं.

संध्याकाळी स्वयंपाकाचा कार्यक्रम. सुपात शेवटी काय घातलं नेमकं तेव्हाच बाई चौकोनांत विरघळली. मी म्हटलं, जायफळ असणार. आज रात्रीच्या सुपात जायफळ घातलं. चव घेतल्यावर कळलं, ते जायफळ नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डेन्झिलच्या दुकानातून बूस्टर आणला. डेन्झिल म्हणाला, बूस्टर सिग्नल वाढवतो तसा कचराही वाढवतो, मुळात यायला तर हवं काहीतरी. आणि म्हणाला, आपल्या बाजूच्या टॉवरसाठी अँटेनाच्या काड्या उभ्या ठेवतात, तू आडव्या ठेवल्यास का. मी म्हटलं, खोक्यावरच्या चित्रात आडव्या आहेत. तो म्हणाला, ते खोकं काही या खोऱ्यासाठी छापलेलं नाही. मी टेलिफोन खात्याचा उल्लेख केला. त्याने बूस्टर पिशवीत घातला.

बूस्टर लावला. आधी सात चॅनेल यायचे, आता दोन येतात. एकावर दिवसभर अंगठ्या विकतात. मेन्ना म्हणाली, काढ तो डबा, एमलिन. मी म्हटलं, यंत्राला सरावायला वेळ लागतो.

येताना सगळ्या गल्लीच्या छपरांवर बघितलं. यच्चयावत घरांच्या काड्या उभ्या. लोक एकमेकांचं बघून करतात, स्वतःचं डोकं चालवत नाहीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कारण सापडलं. झाड. पावसात भिजलेली पानं सिग्नल पिऊन टाकतात, हे वाचलेलं आहे. ग्विलिमच्या परसातल्या झाडाची एक फांदी थेट आमच्या खिडकीसमोर येते. ग्विलिम बाजारात गेला होता, त्याला कशाला त्रास, म्हणून फांदी मीच कापली. मग शेजारची पण, तोल दिसावा म्हणून.

ग्विलिम आला, झाडाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मी त्याला पानांचं शास्त्र समजावलं. तो म्हणाला, ते ठीक आहे इंजिनिअरसाहेब, पण टॉवर तिकडे आहे. आणि त्याने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

ओल्वेन त्या झाडाच्या लाल फळांची जेली करते. या वर्षी थोडी कमी होईल. तसंही मेन्ना सोडून ती जेली कोणाला आवडत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उंची. सगळा प्रश्न उंचीचा होता. अँटेना माळ्यावर नेली. मोठी, नवी. आमची घरं एकाला एक चिकटून आहेत, माळ्यावर पलीकडच्या बाजूला ग्विलिमकडची भिंत, पातळ विटांची. त्या भिंतीला टेकून अँटेना बांधली. काड्या आडव्या.

मेन्ना खालून ओरडून सांगत होती: आलं. गेलं. आलं. गेलं. गेलं. मी जरा डावीकडे सरकलो आणि पाय तुळईवरून घसरून छतातून खाली गेला. जिन्याच्या बरोब्बर वर भोक पडलं. फार मोठं नाही. मेन्नाने विचारलं, तो तुझा पाय आहे का. मी म्हटलं, हो. तिने विचारलं, लागलं का. मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, चित्र गेलं.

भोकाचा फायदा असा की आता वरून तिच्याशी नीट बोलता येतं. भोक बुजवणं नंतर.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. सिग्नल नाही. पाठ दुखते.

मेन्नाच्या मैत्रिणी सरावानंतर भेटायला आल्या. स्पर्धेसाठी निवडलेलं गाणं त्यांनी हळू आवाजात म्हणून दाखवलं. मेन्ना ऐकत होती, तोंड मिटून. त्यांनी विचारलं, तू का म्हणत नाहीस. ती म्हणाली, माझ्या जागी घेतलीय ना कोणीतरी, तिलाच म्हणू दे.

मी त्या सगळ्यांना माळ्याची योजना समजावून सांगितली. त्यांना बस पकडायची होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

झालं. सगळे चॅनेल. आरशासारखं चित्र. अंगठ्या विकणाऱ्या बाईची नखंसुद्धा दिसली. सकाळी अँटेनाला एक तारेचा हँगर अडकवला होता, ती युक्ती लागू पडली.

मेन्ना म्हणाली, पण हवामान समुद्रापलीकडचं सांगतायत, डेव्हनचं. मी म्हटलं, ही ताकद आहे अँटेनाची. ग्विलिमला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, हवेचा दाब चढलाय, अशा दिवसांत लांबलांबचे सिग्नल वाट चुकून इकडे येतात, उद्या बघ. काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

चॅपलच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: शनिवारी आठ तारखेला एमलिनकडे स्पर्धा बघायला सर्वांना आमंत्रण.

२ नोव्हेंबर, रविवार

सिग्नल नाही. हँगर बदलून पाहिला. लाकडी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चॅपलच्या फळ्यावरची चिठ्ठी काढायला गेलो. आधीच कोणीतरी काढली होती.

थकलो. माळ्यावर गुडघे टेकून टेकून आता माझाही गुडघा नवा लागणार. मेन्नाला म्हटलं, आपल्या घरात दोघांचे मिळून दोनच गुडघे चालतात. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग म्हणाली, एमलिन, मला चित्र कसंही चालेल. कुठेही चालेल. ते गाणं सुरू होईल तेव्हा तू शेजारी बस, एवढंच. मी म्हटलं, त्यासाठीच तर चाललंय सगळं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी फोन वाजला. एक अँटेना बसवणारा होता. म्हणाला, उद्या सकाळी येतोय, तुमच्या मिसेसनी गेल्या आठवड्यात बोलावलं होतं. मला न विचारता. मी त्याला सांगितलं की काम जवळपास पूर्ण झालंय, तुम्ही त्रास घेऊ नका. तो म्हणाला, ठीक आहे, पण मग माझी पुढची तारीख महिनाअखेरची. मी म्हटलं, लागणार नाही.

मेन्ना झोपली होती. उठवलं नाही. तिला विश्रांती सांगितलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मेन्ना सकाळपासून केस विंचरून, चांगलं जाकीट घालून खिडकीशी बसली होती. मला वाटलं, तब्येत सुधारतेय. जेवणाच्या वेळी तिने त्या माणसाला फोन केला.

ती ओरडली नाही. फोन खाली ठेवला आणि म्हणाली, तुला काय वाटतं, मला टीव्ही बघायचाय म्हणून बोलावलं त्याला? मी म्हटलं, मग कशासाठी. ती म्हणाली, सूप गार होतंय.

नंतर दिवसभर कुबड्यांचा आवाज तेवढा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेन्ना बोलत नाही. त्यामुळे वरून हाक मारून चित्र आलं का हे विचारता येत नाही. दर वेळी मीच खाली येऊन बघतो. वर गेलो की येत असावं, खाली आलो की गेलेलं असतं.

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

आकाश स्वच्छ. पाय शाबूत. मूठभर वायर उरलीय. आत्मविश्वास पूर्ण.

८ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

नोंदी सविस्तर ठेवाव्यात म्हणून लिहितो.

चहाच्या वेळेनंतर ग्विलिम न्यायला आला. मेन्नाने चॅपलचा निळा स्कार्फ गळ्यात घातला होता, कॉयरचा. दारात थांबून म्हणाली, चल एमलिन. दोन दिवसांनी बोलली. मी म्हटलं, दहा मिनिटं, आत्ताच एक गोष्ट लक्षात आलीय, तू पुढे हो, कदाचित तुलाच परत बोलवीन. तिने स्कार्फची गाठ आवळली. मग ग्विलिमच्या दंडाला धरून निघाली. एक एक पायरी.

माळ्यावर गेलो. टीव्हीचा आवाज खाली मोठा करून ठेवला होता, म्हणजे सिग्नल आला की भोकातून कळेल. अँटेना सगळीकडे फिरवली. उभी तेवढी केली नाही, ते तत्त्वाचं आहे. खाली शांतता.

मग गाणं ऐकू आलं. आधी वाटलं, जमलं. पण आवाज खालून नव्हता, भिंतीतून होता. ग्विलिमकडचा टीव्ही. अँटेना हातात धरूनच बसलो तुळईवर. म्हटलं, तेवढं ऐकून मग पुढचं काम.

चांगले गायले. मान्य करायला हवं. पण एक दोष होता. खालच्या पट्टीतला एक आवाज इतरांच्या फार पुढे. इतका जवळून की बाकीचा कॉयर त्या बाईच्या मागे उभा असल्यासारखा वाटत होता. मध्ये एका जागी ती थांबली, श्वास तुटल्यासारखी, आणि मग पुन्हा धरलं. माईक तिच्या तोंडासमोर लावला असणार. असल्या गोष्टी बघायला तिथे माणूस नको का. टाळ्याही अगदी थोड्या पडल्या. हॉल भरला नसावा.

मेन्ना परत आली तेव्हा मी खाली उतरून हात धुवत होतो. डोळे लाल, पण चेहरा बरा. म्हणाली, तिसरे आले. मी म्हटलं, मी पण ऐकलं, भिंतीतून, अगदी स्वच्छ. ती थबकली. म्हणाली, ऐकलंस? कसं वाटलं? मी म्हटलं, छान, फक्त ती खालच्या पट्टीतली एक बाई फार मोठ्याने गात होती, तिच्यामुळेच पहिला नंबर गेला असणार. तुझ्या जागी घेतलेलीच असेल.

मेन्ना म्हणाली, हो का. आणि दिवा मालवायला सांगितलं.

थकली असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना ग्विलिम भेटला. म्हणाला, काल यायला हवं होतंस. मी म्हटलं, कामात होतो. म्हणाला, माहीत आहे, भिंतीपलीकडे खुडबुड ऐकू येत होती.

मग त्याने सांगितलं. गाणं सुरू झालं तशी मेन्ना खुर्चीतून उठली. ओल्वेन म्हणाली, बस गं, गुडघा. ऐकेना. एका हाताने कुबडी, एका हाताने टीव्हीची कड धरून उभी राहिली आणि तिची ओळ गायला लागली. आधी हळू, मग पूर्ण आवाजात. ओल्वेनने टीव्हीचा आवाज कमी केला. मधे एकदा रडू फुटलं तिला, पण पुन्हा धरलं. ग्विलिम म्हणाला, शेवटी आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार. तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती, ओल्वेन तिथे बसायला गेली तर मेन्ना म्हणाली, राहू दे, तो येईल.

मी म्हटलं, हं. डब्याचं झाकण लागत नव्हतं. ते लावत बसलो. ग्विलिम आत गेला.

कालची नोंद पुन्हा वाचली. त्या बाईबद्दलच्या ओळी खोडायला पेन उचललं. खोडलं नाही. मेन्नाला तर ते बोलून झालंय.

घरात आलो. ती पलंगावर, पाय उशीवर, तोंड खिडकीकडे. तिला म्हटलं, ते गाणं पुन्हा म्हणशील का. तिने पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, माझी ओळ एकटीने म्हणून काही कळत नाही एमलिन, वर कोणी चाल धरणारं लागतं. मी म्हटलं, मी धरतो.

मी धरली.

दुसऱ्या ओळीला ती म्हणाली, राहू दे, तुला सूर नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाली. मला वाटत होतं, आहे.